शेवटच्या ओळीनंतरचे चार शार्प

"ते पियानोची पानं जुळवणारे बाबा कुठे बसतात?"

दारातल्या तरुणाच्या हातात प्रूफ होतं, कपाळावर आठ्या होत्या आणि स्वेटर उलटा होता. संगणकावर स्वरलिपीचं पान मांडत बसलेल्या तरुणीने नजर न उचलता सांगितलं, "बाबा मीच."

"माफ करा... इतकी रेखीव पानं! मला वाटलं, कुणीतरी साठीचे, चष्मेवाले—"

"चष्मा आहे. साठीला वेळ आहे. बोला."

शेजारच्या टेबलावर मावशीने पेन्सिल खाली ठेवली. ही तिची सख्खी मावशी, आणि या प्रकाशनाची मुद्रितशोधक. मावशीला संगीतातलं ओ की ठो कळत नसे. म्हणूनच तिच्या नजरेतून काही निसटत नसे. संगीत कळणारी माणसं चुकीचं छापलेलंही बरोबर ऐकतात.

तरुण त्या पुस्तकाचा कर्ता होता. पियानोवर वाजवायच्या बारा रचना, पहिलंच पुस्तक. आणि तिचंही नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. तीन वर्षांत तिचं एकही प्रूफ परत आलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सगळ्यांना सांगे. तिचा खरा अभिमान होता तो 'की सिग्नेचर'चा. कोणते सूर चढे आणि कोणते उतरते वाजवायचे, हे सांगणारी ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटच्या खुणांची छोटी रांग. संगणक ती आपोआप घालतो. पण तिच्या मते संगणक फक्त घालतो, मांडत नाही. दोन शार्पमधलं अंतर ती स्वतः केसभर इकडे-तिकडे सरकवत बसे.

"सातवं पान," तो म्हणाला. "काल शिष्यांसमोर वाजवलं. पान उलटलं, तर तीन फ्लॅटचे एकदम चार शार्प! मी आपला जुन्याच सुरांत."

"चाल कुणाची?"

"माझीच."

"स्वतःचीच चाल विसरलात?"

"लिहून झाली की विसरतो हो. मग पान सांगेल तसं वाजवतो. तुमच्या पानावर विश्वास ठेवला..."

हे तिला लागलं.

"पुढच्या ओळीत ही 'की' बदलणार असेल," तो म्हणाला, "तर आधीच्या ओळीच्या टोकाला तशी सूचना छापतात ना? इथे एकही नाही."

"मीच काढल्या. ओळीचं टोक गबाळं दिसतं."

"दिसतं सुंदरच. वाजवणारा मात्र तोंडावर पडतो."

"चांगला वाजवणारा असेल तर—"

"तसा असतो तर पुस्तकं कशाला लिहीत बसलो असतो?"

तिला हसू आलं. ते लपवायला तिने विनाकारण संगणकावर तीन पानं पुढे सरकवली.

तो गेल्यावर मावशी म्हणाली, "एक टिचकी मारली की येतात ना त्या सूचना?"

"टिचकी एकच गं! पण मग ओळी ढकलल्या जातात, पानं सरकतात. चौदा ठिकाणी नव्याने मांडावं लागेल. आज मंगळवार, शुक्रवारी छपाई."

"मग राहू दे. प्रूफ परत आलं नाही असंच सांगत जा."

ती उठली. कोपऱ्यातल्या कीबोर्डवर सातवं पान वाजवू लागली. पान उलटलं... आणि नेमकी तिथेच आपटली. मावशी खुर्चीत दचकली.

ती परत आली आणि टिचकी मारली.

पुढचे तीन दिवस तो रोज दुपारी येऊन बसला. ती मांडायची, तो वाजवून बघायचा.

"इथे पान उलटायला हात मोकळा नाही."

"तुम्हाला किती हात लागतात?"

"एखादा जास्तीचा मिळाला तर..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मावशीला एकाएकी स्वल्पविरामांत फार रस वाटू लागला.

शुक्रवारी त्याने शेवटचं पान तपासून परत दिलं. पुस्तक संपल्याच्या जाड रेघेपलीकडे पेन्सिलीने चार शार्प काढले होते.

"इथे पुस्तक संपतं," ती म्हणाली. "पुढे ओळच नाही. सूचना कसली?"

"पुढचं लिहायचंय अजून. एकट्याने लिहायचं नाही, असं मनात आहे..." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "या वेळी आधीच सांगितलं. उगाच कुणी दचकायला नको."

तिने पान उजेडात धरलं.

"ही चूक आहे," ती म्हणाली.

"हो."

"संगणकसुद्धा असं करू देत नाही."

"बरं..." त्याने खोडरबर उचललं.

तिने त्याच्या हातातून पान काढून घेतलं. "छापून आल्यावर बघा."

पंधरा दिवसांनी पुस्तक आलं. त्याने आधी तिचं नाव शोधलं, मग थेट शेवटचं पान. जाड रेघेपलीकडे चार शार्प उभे होते, केसभर अंतर राखून, ऐटीत. पुढे ओळ नसेल तर संगणक सूचना छापत नाही, म्हणून तिने शेवटानंतर एक आख्खी रिकामी ओळ घातली होती आणि ती अदृश्य केली होती.

"म्हणजे पुढची ओळ आहे?"

"आहे. दिसत नाही एवढंच." तिने मान ताठ केली. "माझ्या हातची पहिली चूक. बघून घे, किती सरळ बसलीय."

'घे' त्याने ऐकलं. मावशीनेही ऐकलं.

"मावशी," तो चाचरत म्हणाला, "हे तुमच्या नजरेतून कसं निसटलं?"

"निसटलं?" मावशीने चष्म्यावरून बघितलं. "त्या पानाच्या प्रूफवर 'छापा' म्हणून सही आहे माझी. काढून बघा."