नाव घातलेली प्लेट

आमच्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवायच्या काचेच्या प्लेटवर रुग्णाचं नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर. "नाव दिसलं की माणूस हवं तेच बघतो," असं आमच्या बाईंचं म्हणणं. बावीस वर्षं बुरशी तपासणाऱ्या बाईंशी वाद घालायची माझी काय टाप!

तरी त्या सोमवारी मी चुकलो. वरच्या वॉर्डात माझी ताई होती. किडनी बदललेली, शरीरानं ती नाकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली, आणि नेमकी तेव्हाच फुप्फुसात बुरशी शिरलेली. तिच्या नमुन्याच्या दोन प्लेटी केल्या, दोन्हींत त्याच चार औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. एकीच्या तळाला नंबर घातला. दुसरीवर हात आपोआप 'ताई' लिहून गेला.

दोन दिवसांनी नंबरच्या प्लेटमध्ये राखाडी लव चकत्यांवरूनही पसरली होती. एकही औषध लागू पडत नव्हतं. दुसरी प्लेट मात्र मध्ये स्वच्छ होती. चकत्यांभोवती नव्हे, त्या दोन अक्षरांवर.

"शाई बाधली असेल," बाई म्हणाल्या.

"शाई बाहेरून आहे, बाई. मध्ये काच आहे."

त्यांनी उगाच चष्मा पुसला. मग स्पिरिटच्या बोळ्यानं नाव पुसून नंबर घातला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती प्लेट गच्च भरली. कुठलीच बुरशी इतक्या झपाट्यानं वाढत नाही. तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला, ताईला श्वास घेता येत नाहीये.

मी बाईंच्या देखत पुन्हा 'ताई' लिहिलं. त्यांनी बोळा बाजूला ठेवला.

सकाळी प्लेट घासलेल्या वाटीसारखी लख्ख होती. फोन वाजला. कोणी नवीन नर्स होती.

"ताई उठून बसल्यात. तुम्हाला बोलावतायत."

मला रडूच फुटलं. दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो.

ताईच्या खाटेवर चादर डोक्यापर्यंत ओढलेली होती.

शेजारच्या खाटेवर पन्नाशीची एक अनोळखी रुग्ण बसली होती. काल बेशुद्ध आणलेली. वॉर्डात प्रत्येकीला ताईच म्हणतात.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"किती उशीर रे, बोंबल्या?"

त्या नावानं मला जगात एकटी ताई हाक मारायची.

"बस ना," म्हणत तिनं सरकून जागा केली.

मी बसलो.