मागे राहू नका

काम साधंच होतं. सुरतची पार्टी कँट स्टेशनजवळच्या हॉटेलातून उचलायची, गाडीत बसवायची आणि जौनपूर, सुलतानपूर करत रात्रीतून अयोध्येच्या धर्मशाळेत नेऊन उतरवायची. तुम्ही सगळे करता तेच. विभूती पाठकनं ते केस पिकेपर्यंत केलं होतं.

शेगडीजवळ सरकून बसा जरा. हा कोहरा, हे दाट धुकं, काही सकाळशिवाय उठत नाही, आणि गाडी गॅरेजातून हलत नाही. तुम्हा नव्या गाइडांना झोप नाही, मलाही नाही. काय म्हणालास झुन्नू? भुतानं तिकीट काढलं होतं का? दात काढ, काढ. गोष्ट संपेपर्यंत तोंडात राहिले तर मला दाखव.

विभूती म्हणजे उंच, गोरा माणूस. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. पार्टीला हसवायचा, रडवायचा, आणि साडीच्या दुकानात नेऊन बरोबर कापायचा. कामात वाकबगार, वाद नाही. माणूस म्हणून हलकट. हा शब्द मी त्याच्या तोंडावर वापरलाय, तेव्हा पाठीमागे वापरायला मला लाज नाही.

त्याची आई सैदपूरच्या पलीकडे गावात राहायची. रामरती तिचं नाव. नवरा लवकर गेला. बाईनं लोकांची दळणंकांडणं करून याला शिकवलं. तिला आयुष्यात एकच हौस होती. पोरगा सगळ्या दुनियेला अयोध्या, मथुरा, हरिद्वार दाखवत हिंडतो, त्यानं एकदा आपल्यालाही दाखवावं. हा गावी गेला की ती आधी गाठोडं बाहेर काढायची. सत्तू आणि एक धुतलेलं लुगडं.

“बबुआ, या खेपेला नेतोस ना?”

“अम्मा, सीझन आहे. सीट नाही.”

सीट नाही म्हणे! अरे, मागची सीट किती खेपा रिकामी जायची ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. हा तिच्यावर आपली बॅग ठेवायचा. नाहीतर साडीवाल्याच्या मेहुण्याला फुकटात मथुरा फिरवून आणायचा. खरं काय ते सांगतो, त्याला आईची लाज वाटायची. ती तळहातावर सुरती तंबाखू मळायची, मोठ्यानं बोलायची, अनवाणी चालायची.

दिवाळी झाल्यावर ती आपली आपणच आली. गाठोडं घेऊन, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून, विचारत विचारत थेट गाडीच्या दारात. गाडी भरलेली होती, पण मागची सीट मोकळी होती. पुढच्या सीटवरच्या एका साहेबानं विचारलं, “पंडितजी, ही बाई कोण?”

आणि विभूती म्हणाला, “कोणी नाही हो. मागणारी आहे. इथे असतातच.”

साहेबानं खिडकीतून एक केळं पुढे केलं. तिनं ते घेतलं. पोराकडे बघत उभी राहिली, गाडी निघून गेली तरी उभीच. मी मागच्या गाडीत होतो. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मी त्याची आई-बहीण काढायची ठेवली नाही... नाही, आई नाही काढली. तिला का मध्ये आणू? त्यालाच सोलून काढला. तो चहा पीत राहिला. म्हणाला, “गुरू, धंद्यात असं बोलावं लागतं.”

धंद्यात!

म्हातारीनं त्या दिवसानंतर अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही.

ती गेली पूसच्या अमावास्येला. आमच्या मराठी घरात ती मार्गशीर्षातली म्हणतात, दिवस तोच. गुरुवार होता. पहाटे गेली, दुपारी तिला मणिकर्णिका घाटावर आणली. गंगेत बुडवून काढली, ओल्या लुगड्यानिशी लाकडांवर ठेवली. विभूतीनं डोकं भादरलं होतं. त्यानं आग दिली. शेवटी मडकं भरून आणलं, चितेकडे पाठ केली, खांद्यावरून मागे टाकलं. फुटल्याचा आवाज आला. चिता रचणारा डोम म्हणाला, “जा आता. मागे वळून बघू नका.”

हे तुम्हाला सांगायला नको. परदेशी पार्टीला आपणच रंगवून सांगतो ना? आग देणारा वळून बघत नाही. वळला तर गेलेल्याचा पाय अडकतो.

विभूती पायऱ्या चढला. गल्लीत शिरला. मागून त्याचा मामा आणि गावचे चार लोक. गल्ली वळते तिथे एक बंद दुकान आहे. आपण सगळे पार्टी गोळा करायला तिथेच थांबतो. तिथे त्याचे पाय थांबले. आपोआप. जन्मभराची सवय ती. हात वर गेला. तो वळला, आणि त्याच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाला,

“आले का सगळे? चला, मागे राहू नका. माझ्या मागून या.”

मामानं कपाळावर हात मारला. “अरे मेल्या, काय केलंस हे?”

विभूतीनं मला नंतर खाणाखुणा करून आणि पाटीवर लिहून सांगितलं. मामाच्या खांद्यावरून त्याला खाली घाट दिसत होता. धूर दिसत होता. आणि पायऱ्यांवर कोणीतरी... चढायला लागलं होतं. सावकाश. गुडघ्यावर हात टेकत.

आता आग दिलेल्या माणसानं काय करायचं असतं? पांढऱ्या वस्त्रात राहायचं, जवळ लोखंड बाळगायचं, जमिनीवर निजायचं, दहा दिवस घर सोडायचं नाही. पण मालकाचा फोन आला. दुसरा गाइड तापानं पडलाय, सुरतच्या पार्टीला अयोध्येला न्यायचंय. बरं, मालकानं हेही सांगितलं की तुझ्या घरचं कळलंय, नाही म्हणालास तरी चालेल. मी स्वतः मालकाला विचारलंय. पण सुरतची पार्टी म्हणजे साड्यांची पार्टी, दुकानाकडून भरपूर कमिशन. यानं पांढरं वस्त्र काढलं, जॅकेट चढवलं, भादरलेल्या डोक्यावर लोकरी टोपी ओढली आणि दिवेलागणीला गाडीच्या दारात हजर. आईची राख अजून गरम होती! माझं डोकं आजही फिरतं. चहा दे रे कोणी.

गाडीवर खेदू यादव होता. त्याला तुम्ही सगळे ओळखता, दारू पीत नाही, थापा मारत नाही. पुढचं मला खेदूनं सांगितलं.

जौनपूर सोडून ढाब्यावर गाडी थांबली. कोहरा दाटत होता. लोक चहाला उतरले. पार्टीत हंसाबेन म्हणून एक बाई होती, पन्नाशीची, बोलकी. ती विभूतीजवळ आली.

“गाइडभाई, एक कप आत द्या ना. मागच्या सीटवरच्या माजींना. त्या उतरत नाहीत.”

“कोण माजी?”

“माझ्या मागे बसल्यात त्या. अहो, ओल्या साडीनं बसवलंय तुम्ही त्यांना, या थंडीत. काही लाज आहे की नाही? मी शाल देत होते, घेईनात.”

विभूती गाडीत चढला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. त्याची बॅग मात्र सीटवर नव्हती. खाली ठेवलेली होती, नीट, बाजूला. सीट ओली होती. वास गंगेच्या पाण्याचा, आणि त्यात जळकट काहीतरी.

तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. खेदूनं विचारलं, “पंडितजी, बरं आहे ना?” त्यानं हातानंच खूण केली, चल.

गाडी निघाली. सुलतानपूरच्या अलीकडे कोहऱ्यानं भिंत घातली. वायपर चालू, दिवे चालू, पण पुढे पांढऱ्याशिवाय काही नाही. तेवढ्यात हंसाबेन मागून मोठ्यानं म्हणाली,

“गाइडभाई, मी माजींना विचारलं, कोणाबरोबर आलात? त्यांनी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुमच्या कोण त्या?”

सगळ्या गाडीनं माना वळवल्या. मागे कोणाला काही दिसलं, कोणाला नाही. विभूती पुढे, खेदूच्या शेजारी बसलेला. तो वळला नाही. त्याला बोलायची संधी होती, झुन्नू. एवढी एक संधी. एकच शब्द बोलायचा होता.

तो म्हणाला, “कोणी नाही.”

इंजिन बंद पडलं.

दिवे गेले.

खेदूनं चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मग इंजिन लागलं, पण पुढचा दिवा एकच, तोही मिणमिणता. खेदू म्हणाला, “असं नाही जमणार. कोणीतरी बॅटरी घेऊन पुढे चाला, मी मागून गाडी आणतो.” कोहऱ्यात आपण हे करतोच. विभूतीनं बॅटरी हिसकावलीच त्याच्या हातातून. त्याला त्या गाडीतून उतरायचं होतं, कसंही करून.

तो पुढे चालला. बॅटरीचा पिवळा ठिपका. मागे गाडी, पहिल्या गियरमध्ये.

थोडं अंतर गेलं.

मग खेदूला दिसलं, ठिपका डावीकडे सरकतोय. रस्ता सरळ होता. त्यानं हॉर्न दिला. ठिपका थांबला नाही. खाली उतरला, शेतात. आणि त्या उजेडाच्या मागे... कोणीतरी होतं. बुटकं. वाकलेलं. एका हातात गाठोडं.

खेदूनं ब्रेक दाबला. दार उघडून ओरडला, “पंडितजी! मागे फिरा!”

काही नाही.

विभूतीला वाटत होतं गाडी मागूनच येतेय, हेही त्यानंच मला पाटीवर लिहून सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं, इंजिनचा आवाज नाही. मागे फक्त पावलं. अनवाणी. ओली. तो थांबला, की ती थांबत होती. आता वळायचं नाही, हे त्याला कळत होतं. आता कळत होतं!

लोकांनी काचा थोड्या सरकवल्या. आणि कोहऱ्यातून आवाज आला. विभूतीचाच. गाइडचा.

“या, या, माताजी. पायरी जपून. ही हनुमानगढी. उजव्या हाताला बघा...”

थांबला.

“हो... हो. दाखवतो ना. ही शरयू. पाय बुडवायचेत? बुडवा.”

पुन्हा गप्प. पुन्हा आवाज. प्रयाग. मग चित्रकूट. मग मथुरा, वृंदावन, हरिद्वार. प्रत्येक देऊळ, प्रत्येक घाट. सुलतानपूरच्या उसाच्या शेतात, अमावास्येच्या काळोखात. मध्येच तो म्हणायचा, “आता बस ना...” मग बराच वेळ काही नाही. मग एकदम घाबऱ्या आवाजात पुन्हा सुरू. घसा बसला. चिरकायला लागला. तरी थांबेना. हंसाबेन रडायला लागली, म्हणाली, कोणीतरी जा हो त्याला आणायला. कोणी गेलं नाही. खेदूही नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

अगदी शेवटी, आवाजाची नुसती फुंकर राहिली होती तेव्हा, तो ओरडला,

“आहे! सीट आहे, अम्मा... सीट आहे!”

मग काही नाही.

उजाडल्यावर तो उसात उभा सापडला. हात वर, डोळे उघडे, ओठ हलत होते. ओठांवर रक्त वाळलेलं. त्याच्याभोवती ऊस गोल तुडवलेला. त्यानंतर त्याच्या घशातून आवाज म्हणून निघालेला नाही. डॉक्टर झाले, भुतं उतरवणारे ओझा झाले. सैदपूरपलीकडच्या गावात असतो, आईच्या घरात. मी दोनदा जाऊन आलो. दया येते का, विचारशील. नाही येत. खरं सांगतो, नाही येत. जी बाई जिवंतपणी दारात उभी होती, तिला एक सीट द्यायला काय जात होतं याचं?

पार्टीला खेदूनंच अयोध्येला पोचवलं. लोक उतरले. थंडीत पुन्हा काचा लावून माणसं बसलेली, त्यामुळे श्वासाच्या वाफेनं सगळ्या काचा आतून धुरकटलेल्या, बाहेरचं काही दिसेना. खेदू फडकं घेऊन एकेक पुसत मागे गेला. शेवटच्या सीटपाशी थांबला.

तिथली काच पुसलेली होती. तळहाताएवढी गोल जागा, बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. शरयूच्या बाजूला.

मालकानं ती काच बदलली, सीट बदलली. ती सीट आता कोणाला देत नाहीत, खेदू देऊ देत नाही. तो सांगतो, रस्त्यात, शेतात, टोलनाक्यावर काच धुरकटलेलीच असते. पण प्रयागचा पूल आला, मथुरेचं पहिलं देऊळ दिसलं, की तेवढी गोल जागा स्वच्छ होते.

आतून.