बोरचं थंड पाणी

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्या. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भैयाजींनी शेकोटीजवळ सांगितलं, तसं लिहितो.

इसरू त्यांच्या चांगल्या ओळखीचा. मूल तालुक्यातल्या एका गावात तो नळयोजनेची मोटर चालवायचा. गावाच्या टाकीत दोन ठिकाणचं पाणी चढायचं, तलावाचं आणि बोरचं. इसरू डोळे मिटूनही ओळखायचा. हिवाळ्यात तलावाचं पाणी बोटं गोठवतं, त्याला शेवाळाचा वास असतो. बोरचं तीनशे फूट खोलवरून येतं, कोमट, बिनवासाचं.

यंदाच्या नऊ जानेवारीची रात्र. इसरूचा धाकटा भाऊ जंगू चार दिवसांपासून बेपत्ता होता. त्याच्या चपला तलावाच्या काठावर सापडल्या. लोक तलावाचं पाणी पिईनात, म्हणून इसरूने तलावाचा व्हॉल्व बंद केला. पण जंगूला शोधायला तलावात जाळी मात्र टाकू देईना.

"सूरजागडच्या खाणीत गेला असन, ट्रकवर," तो म्हणायचा.

"अनवाणी?" त्याची बायको सोनीबाई म्हणाली. "चपला का तुमच्यासाठी ठेवून गेला?"

"तू चूप राह्य! माह्या जित्त्या भावाले काऊन मारून राह्यली?"

रात्री साडेबाराला मोटरपुरती थ्री-फेज वीज आली. इसरू एकटाच पंपघरात गेला. बोरची मोटर सुरू केली, तोटीखाली रिकामी बादली ठेवली आणि सवयीने धारेत हात धरला.

थंड.

बोटं बधिर झाली. त्याने तलावाचा व्हॉल्व पाहिला. बंद. पुन्हा आवळला. पुन्हा हात धरला... आणखी थंड. आता शेवाळाचा वासही आला.

त्याने मोटर बंद केली. आवाज थांबला. धार थांबली नाही.

"मंग?" आमच्यातल्या मिथुनने विचारलं. भैयाजींनी लाकूड आत सारलं.

धार बारीक झाली. तुटली. पुन्हा आली... पुन्हा तुटली. दम लागल्यासारखी.

"जंगू...?"

धार थांबली.

इसरूने बादलीत बॅटरी मारली. आत तलावात वाढणाऱ्या शिंगाड्याचा वेल होता. हातभर लांब, हिरवागार. मुळांना ओला चिखल. तोटी तर बोटाएवढी...

सकाळी सहाला इसरू ती बादली घेऊन मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात गेला. मनसारामभाऊ अंगणात जाळं उलगडत होता. इसरूने बादली त्याच्यासमोर ठेवली.

"पहिले शिंगाड्याच्या बाजूनं टाक, भाऊ."

मनसारामभाऊने बादलीत पाहिलं. जाळं खांद्यावर घेऊन तो उठला. जाळ्याचं दुसरं टोक इसरूने धरलं.