दादा, दोर टाक

थोरला लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. अडकलेल्या लोकांच्या शिव्या रोज निमूट ऐकून घेणारा माणूस, पण त्या शनिवारी सकाळी तळ्याच्या वाटेवरच्या चौकीत रखवालदारानं सहज विचारलं, “यंदा एकटेच?” आणि तो भडकला. एकट्याला बंदी आहे का, म्हणाला. रखवालदारानं नोंदवही पुढे सरकवली.

दर उन्हाळ्यात दोघं भाऊ जोडीनं येत, तळ्याकाठी तंबू ठोकून दोन दिवस रानात भटकत. यंदा गुरुवारीच फोनवर बिनसलं होतं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि धाकट्यानं आता विचारलं होतं, “इतकं झालं होतं तर मला आधी का नाही कळवलंस?” अचानक झालं, असं थोरला म्हणाला. मला पटत नाही, धाकटा म्हणाला. थोरल्यानं फोन बंद केला तो केलाच.

खरी गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. आई शेवटचे दोन दिवस धाकट्याचाच जप करत होती. सहा महिने जो फिरकला नाही त्याच्यासाठी तिचा जीव तुटत होता, आणि उशाशी बसून जो डोळ्यांत तेल घालून जागत होता त्याला ती घोटभर पाणी मागतानाही म्हणायची, बारक्या आला का रे? थोरल्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं मुद्दामच कळवलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन तो दोन तास चालला. दगडाला ठेच लागली तर दगडाला शिव्या, घाम डोळ्यांत गेला तर सूर्याला. तळं दिसलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वारा नव्हता. पाणी तापून त्याला शेवाळाचा उग्र वास येत होता, आणि गेल्या वर्षीसारखे पक्षी कुठेच नव्हते. दोन माणसांचा तंबू एकट्याला उभारता येईना. एक टोक ताणलं की दुसरं पडायचं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा त्यानं हातोडी फेकून दिली.

तेवढ्यात लव्हाळ्यांच्या पलीकडून हाक आली.

“दादा… दोर टाक.”

आवाज धाकट्याचाच. थोरल्याला आधी वाटलं ते एवढंच, की आलाय हा, दुसऱ्या वाटेनं पुढे येऊन पाण्यात लपलाय. लहानपणी तो असंच करायचा. बुडतोय म्हणून ओरडायचा, थोरला कपड्यांनिशी उडी मारायचा, आणि हा हसत काठावर. वर घरी गेल्यावर आईची बोलणी खायची थोरल्यानंच.

“पोहत ये,” तो म्हणाला, आणि पाठ फिरवून बसला.

“दादा… दोर टाक.”

तो उठला नाही. हाक येतच राहिली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आवाजाला धाप लागत नाहीये. तो वाढत नाही, रडका होत नाही, चिडत नाही. प्रत्येक हाक पहिल्यासारखीच. मग ती एकदम थांबली.

आता मात्र थोरला ताडकन उठला. खरंच पाय अडकला असेल तर? आणि आपण इथे हाताची घडी घालून बसलो? त्यानं पिशवीतला दोर काढला, गुडघाभर पाण्यात शिरला आणि सगळा राग एकवटून लव्हाळ्यांपलीकडे भिरकावला.

दोर ताणला गेला.

वीस वर्षं वजनं ओढण्यात घालवलेला माणूस तो. माणूस दोराला लटकला की दोर थरथरतो, झटके बसतात, हे त्याच्या हातांना माहीत होतं. हा दोर थरथरला नाही. लिफ्ट खाली जाताना जातो तसा सावकाश, एकाच गतीनं आत जाऊ लागला. पाणी कमरेपर्यंत आलं. पाण्यावर एक तरंग नव्हता.

“कोण आहेस तू?” तो ओरडला.

अगदी जवळून आवाज आला. “दादा… ती किती वेळा म्हणाली, बारक्या आला का?”

त्यानं दोर सोडला. तंबू, पिशवी सगळं टाकून तो पळत सुटला. खिशातला फोन पाणी जाऊन केव्हाच मेला होता. तो थेट चौकीवर पोचला. रखवालदाराच्या फोनवरून त्यानं धाकट्याला फोन लावला.

“बारक्या, कुठे आहेस?”

“हा कुणाचा नंबर?” मागे गाडीचा आवाज होता. “येतोय ना मी, अर्ध्या तासात पोचतो. तूच तर बोलावलंस. आताही तुझ्याशीच बोलत होतो.”

“मी फोन केलेला नाही.”

मग धाकट्याचा आवाज चढला. “दुपारभर रडलास, सगळं कबूल केलंस, आणि आता पलटतोस? दादा, तुला लाज कशी वाटत नाही?”

थोरल्याच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलं होतं. पण धाकटा तळ्याकडे निघाला होता, आणि त्याला अडवायला आता खऱ्याशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं.

“पलटत नाही. ती दोन दिवस तुझं नाव घेत होती. मी मुद्दाम नाही कळवलं. मला काय हवं ते बोल, तोंड पाहू नकोस माझं. पण चौकीच्या पुढे एक पाऊल टाकू नकोस.”

गाडी आली. धाकटा उतरला नाही. काच खाली करून समोर बघत राहिला.

“तिचं शेवटचं वाक्यही सांगितलंस,” तो म्हणाला. “दार लावू नकोस रे, तो येईल, असं म्हणाली.”

थोरला गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. ती गेली त्या संध्याकाळी तिची हाक ऐकू येऊ नये म्हणून त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि तो जिन्यात जाऊन बसला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. ते वाक्य त्यानं स्वतःही कधी ऐकलं नव्हतं.

“ते मी नव्हतो,” तो एवढंच म्हणाला.

धाकट्यानं डॅशबोर्डवरच्या फोनकडे बोट केलं. पडद्यावर ‘दादा’ असं नाव होतं. पहिला कॉल कापलेलाच नव्हता. एक तास बावन्न मिनिटं, आणि सेकंद पळत होते. थोरल्याच्या हातातल्या मेलेल्या फोनमधून पाणी ठिबकत होतं.

स्पीकर चालू होता. त्यातून थोरल्याचाच आवाज येत होता. मऊ, समजूतदार, आयुष्यात तो कधीच कुणाशी बोलला नव्हता तसा.

“भेटलात का?” तो म्हणाला. “बरं झालं. आता दोघंही या.”