ऊबपाटीवरचा मोहोर

"अगं, पाटी विझली!"

केतकीने आजऱ्याच्या घराचं फाटक उघडलं, तेव्हा ओसरीवरून बाबांची ही हाक ऐकू आली. हाक आईसाठी होती. पिठाचे हात पुसत आई लगबगीने बाहेर आली, पण दारात लेक दिसताच तिथेच खांबाला टेकून उभी राहिली.

"कळवायचं तरी आधी!" ती म्हणाली. बाबांनी विझलेली पाटी मांडीवर पालथी घातली आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला.

केतकी आली होती ती काळजीपोटी. ऊबपाटी, म्हणजे हातात धरून वाचायचा टॅबलेट, तिच्याच प्रयोगशाळेत जन्मली होती. तिला चार्जर नव्हता. तळहाताची ऊब आणि भोवतालचा गारवा यांतल्या फरकावर तिची वीज तयार होई. शिवाय धरणाऱ्याची नाडी वाचून ती थेट डॉक्टरांकडे पाठवी, आणि गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून केतकीचा सगळा जीव त्या नाडीत अडकलेला असे. थंडी सुरू झाली तशी नोंद बिघडली. एका ठोक्यात दुसरा ठोका घुसल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरही चक्रावले, तशी ती रजा टाकून निघाली.

तिने बाबांचे हात हातात घेतले. गार होते.

"आता कळलं," ती म्हणाली. "तुमच्या हातांना हा डेस्कटॉप झेपत नाहीये, बाबा. वीज अपुरी पडते, म्हणून नाडीचाही गोंधळ होतो."

पाटीच्या आत लिनक्स ही संगणकप्रणाली होती. आतलं यंत्र तेच ठेवून वरचा पेहराव, म्हणजे डेस्कटॉप, हवा तसा बदलता येतो, ही लिनक्सची मोठी सोय. बाबांच्या पाटीवर होता 'मोहोर'. पानं सरकताना सावल्या पडायच्या, चित्रं हलायची, आणि या सगळ्या नटण्यामुरडण्याला वीज लागायची. केतकीने तो काढला आणि 'काडी' बसवला. काळी पार्श्वभूमी, ठळक अक्षरं, बास. पाटी बाबांच्या एकट्याच्या हातात उजळली आणि उजळलेलीच राहिली. नाडीही स्वच्छ एकेरी उमटली.

"बघा! आता आईला हाका मारायला नकोत," केतकी खुशीत म्हणाली.

"छान आहे," बाबा म्हणाले. बिनमिठाच्या भाजीलाही ते याच आवाजात छान म्हणत.

दुसऱ्या दिवशी बाबा ओसरीवर एकटेच वाचत बसले. आई आत भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा घासत होती.

"तो मोहोर परत येणार नाही का गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"काय होतं त्यात एवढं?"

"पानं उलटताना जरा... बरं वाटायचं."

भिंतीवर देवाच्या चित्राचं कॅलेंडरसुद्धा नको म्हणणाऱ्या माणसाला हा सोस कधीपासून लागला? केतकीला हसूच आलं. हसत हसत तिने स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आई हसली नाही.

"आधीची बरी होती," ती नळाकडे बघत म्हणाली. "त्यांना एकट्याला पेलायची नाही, एवढंच. मग मी खालून हात लावायची."

केतकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाटी बिघडलीच नव्हती. ती इमानेइतबारे दोन माणसांच्या नाड्या वाचत होती!

आईबाबांना एकमेकांचा हात धरताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोतही दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा असे. या वयात, गल्लीच्या तोंडावरच्या ओसरीत, हात हातात घेऊन बसायचं तर निमित्त नको? ते निमित्त एका अवजड डेस्कटॉपने पुरवलं होतं, आणि हुशार लेकीने येऊन ते काढून घेतलं होतं. तिला स्वतःचा असा राग आला की डोळेच भरून आले.

पण नुसता मोहोर परत ठेवून कसं चालेल? आई बाजारात गेली आणि नेमकं तेव्हाच बाबांच्या छातीत दुखलं तर? विझलेली पाटी डॉक्टरांना काय कळवणार?

दुपारभर खपून तिने दोन्ही पेहराव एकाच पाटीत बसवले. एकट्या हातात काडी, आणि दुसऱ्या हाताची ऊब लागली की आपोआप मोहोर. नाड्याही आता पाटीला वेगवेगळ्या ओळखता येत होत्या. पाटी कधीच विझणार नव्हती. तसं तिने बाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

आपल्या युक्तीवर ती फारच खूश झाली. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली, तोच प्रयोगशाळेतून समीरचा फोन आला. थंडीसाठी गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना द्यायच्या पाट्या तयार होत्या.

"कोणता डेस्कटॉप भरू? काडीच ना?"

"नाही, दोन्ही. ऐक, दुसरा हात लागला की..." ती बोलता बोलता थांबली.

ज्यांच्या घरात दुसरा हातच नाही, त्यांची पाटी जन्मभर काळीच राहणार. रोज सकाळी उघडली की रोज तेच एकटेपण सांगणार. की ते बघून कुणीतरी उठेल आणि शेजाऱ्याचं दार वाजवेल?

"केतकी? काय भरू?"

मागे ओसरीवर बाबांच्या हातातली पाटी ठळक अक्षरांनी छान उजळली होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला आणि आत तोंड करून हाक मारली.

"अगं, पाटी विझली!"

"आले, आले," म्हणत आई बाहेर आली. उजळलेली पाटी तिलाही दिसली. ती शेजारी बसली आणि तिने खालून हात घातला.

समीर अजून फोनवर थांबला होता. ज्यांच्या हाकेला ओ द्यायला कुणी नाही, त्यांच्या हातात कोणती पाटी द्यायची?