डक्टमधला भाडेकरू

ही गोष्ट रात्रीची नाही. त्याबद्दल आधीच माफी.

पण खरी आहे. सन दोन हजार दोन, मे महिना, बल्लारपूर, भर दुपार. त्या उन्हात बल्लारपुरात कुत्रंही सावली सोडत नाही. भूत कसं काय बाहेर पडलं, हे शहबाजला अजून कळलेलं नाही.

शहबाज पत्र्याचे कूलर बनवायचा. स्वतःचं घर बांधायला काढलं तेव्हा त्याने ठरवलं, कूलर मागच्या भिंतीला लावायचा. तिथून स्लॅबखालून हवा नेणारा पत्र्याचा डक्ट, वीतभर रुंद, मधल्या भिंती फोडून थेट शेवटच्या खोलीत.

कारण त्या खोलीत त्याची बायको निशात येणार होती. माहेराहून, बाळाला घेऊन. बाळ कमी दिवसांचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "याला ऊन सोसणार नाही. तापलं तर माझ्यापर्यंत आणायलाही वेळ मिळायचा नाही."

भिंती फोडायला मंगरू मिस्त्री होता. त्याची एक पद्धत. डक्टभोवतीची फट बुजवण्याआधी तो आत तोंड घालून विचारायचा, "कोणी हाय का?"

चिमणी, खार, साप... कोणी कोंडलं जाऊ नये म्हणून.

त्या दिवशी शहबाजला मस्करी सुचली. दुसऱ्या टोकाकडून तो नाकातून बोलला, "हाय नं! मी आता कुठी जाऊ?"

मंगरू हसला नाही. "मजाक नका करू भाऊ. हाय म्हटल्यावर बुजवू कसा?"

"बुजव बे. राहू दे त्याले. भाडं नाई घेत मी."

मंगरूने बुजवलं.

दुसऱ्या दिवशी कूलर सुरू केला. डक्टच्या एका तोंडाने हवा जोरात आत जात होती. शेवटच्या खोलीत मात्र...

काही नाही.

शहबाजने उदबत्ती पेटवून तिथल्या डक्टच्या तोंडाला बसवलेल्या जाळीखाली धरली. धूर जाळीत ओढला गेला. मग बाहेर आला. मग आत... मग बाहेर...

त्याने कूलर बंद केला.

आत... बाहेर...

"अम्मी," तो म्हणाला, "डक्ट श्वास घेऊन राह्यला."

"मग तू काऊन रोखून धरला?" खैरुन अम्मी म्हणाली.

तेवढ्यात जाळीतून आवाज आला. नाकातला. हुबेहूब शहबाजने काढला होता तसाच.

"थंडी... लागून राह्यली..."

बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं.

अम्मीने ओढणी खोचली आणि स्टुलावर चढली. पाहुणा कोणीही असो, तिला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहवत नसे. "ए बाबा! उद्या घरात लेकरू येऊन राह्यलं. सरक तिकडं!"

हवा काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निशात ऑटोतून उतरली. माजरी गावापासून उन्हाच्या झळा खात आलेली. बाळाचं तोंड लालबुंद. अंग तव्यासारखं. रडायचंही त्राण नव्हतं त्याला.

शहबाज कूलरचं बटण दाबायला धावला...

आणि लाइट गेली.

शेजारी एवढं मोठं वीज केंद्र. तरी गेली.

निशात ओला फडका बाळाच्या अंगावरून फिरवत होती. फडका वाळत होता. बाळाचे डोळे मिटत चालले होते. शहबाज स्टुलावर चढला. जाळीला तोंड लावलं.

"भाऊ, चुकलो. पण लेकरू तापलं हो. काही तरी करा."



मग... त्याच्या गालाला गार हवा लागली.

कूलर बंद होता. टाकीत पाणी नव्हतं. हवा मात्र माघातल्या पहाटेसारखी, मोहाच्या झाडाखालच्या ओल्या पानांचा वास असलेली.

बाळाचा रंग हळूहळू निवळला. ते झोपलं.

"कूलर चांगला बनवला तुम्ही," निशात म्हणाली.

तिला कोणी काही सांगितलं नाही.

पाऊस लागल्यावर शहबाजने मंगरूला बोलावून डक्ट उतरवला. आत सगळीकडे काळ्या धुळीचा थर. शेवटच्या भागात मात्र पत्रा पुसल्यासारखा चकचकीत. माणूस आडवा होईल एवढ्या लांबीचा.

"यात तर मांजर नाई मावत भाऊ," मंगरू म्हणाला.

"मग तू विचारत कोणाले होता?"

"मले काय माहीत? बाप विचारायचा, मी विचारतो."

भोकं बुजवण्याआधी त्याने पुन्हा विचारलं. दोघंही कान लावून थांबले.

कोणी नव्हतं.

शहबाजचा जीव भांड्यात पडला. भिंत विटांनी बंद झाली. तो हात धुऊन खोलीत आला.

लाइट गेलेली. खिडकी बंद. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. पलंगावर बाळ, म्हणजे अजीम, गाढ झोपला होता. आणि त्याच्या टोपड्याची नाडी हलत होती. एकदा मागे... एकदा पुढे...

शहबाज त्याला उचलायला धावला. निशातने हात धरला.

"नका उठवू," ती हळूच म्हणाली. "आत्ताच झोपवलं त्यानं."

त्यानं म्हणजे कोणी, हे शहबाजने आजवर विचारलेलं नाही.

अजीम आता मोठा झाला, तरी दुपारचा त्याच खोलीत एकटाच झोपतो. फार शांत झोपतो.