पंचवीस टक्क्यांचा फॉर्म

"ह्याच्यावर सही करू नका."

नारायणगावच्या झेरॉक्सच्या दुकानात मागून कुणीतरी हळूच बोललं, तशी हर्षाली दचकून वळली. निळ्या शर्टातला एक शिडशिडीत तरुण तिच्या हातातल्या फॉर्मकडे बघत होता. नजरानजर झाली... आणि तो गडबडून निघूनच गेला.

आता ह्याला काय म्हणावं?

तिच्या आईला, कुशाबाईला, एका एजंटाने एफडी म्हणून चक्क दहा वर्षांचा विमा गळ्यात मारला होता. खरं कळल्यापासून कुशाबाई अर्ध्या ताटावरून उठायची. "मीच येडी, न वाचता सही केली," एवढंच बोलायची. असे अडकलेले पैसे सोडवून देणारी एक एजन्सी होती. आधी पाच हजार, मग मिळतील त्यातले पंचवीस टक्के. हर्षाली निमगाव साव्याच्या रोपवाटिकेत कामाला. तिने आगाऊ पगार उचलून पाच हजार आणले होते. हातातला फॉर्म त्याच एजन्सीचा.

ती एजन्सीचा जिना चढली. टेबलामागे बघते तर तोच निळा शर्ट!

"बसा मॅडम. मी आदेश." एजन्सीचे साहेब शेजारीच बसलेले. आदेशने अटी घडाघडा म्हटल्या, पेन पुढे केलं—पण सोडेचना. तिने ओढलं, त्याने घट्ट धरलं. डोळ्यांनी काहीतरी सांगत होता... काय, ते तिला उमजेना. कानशिलं मात्र तापली.

"आईला विचारून येते," म्हणत ती खाली उतरली. जेवणाच्या सुट्टीचं निमित्त करून तो पाठोपाठ आला.

"हे तुमचं तुमाला करता येतं. विमा कंपनीला तक्रारीचं पत्र द्यायचं, महिनाभर वाट बघायची. न्हाई ऐकलं तर विमा लोकपालाकडं अर्ज. रुपयाबी लागत न्हाई."

"मग तुमची एजन्सी काय करते?"

"तेच पत्र लिहिते. म्हंजे... मीच लिहितो."

"आणि असं सगळ्यांना सांगता?"

"न्हाई. तुमीच पहिल्या."

"का?"

तो कान खाजवत राहिला. "तेच तर कळंना."

शेजारच्या रसवंतीच्या बाकावर बसून त्याने पत्र सांगितलं, तिने लिहिलं. निघताना त्याने तिचा नंबर घेतला.

पुढे त्याचे मेसेज येऊ लागले. 'पोच आली का?' 'उत्तर आलं का?' एवढेच! ती ते चार-चारदा वाचायची आणि ट्रेच्या एकाच खळग्यात दोन-दोन रोपं लावून मोकळी व्हायची. ह्याला हवंय तरी काय? दुसऱ्या एजन्सीचा माणूस तर नाही? मेसेज आला की राग यायचा, नाही आला की जास्तच.

कंपनीने नकार दिला, मग अर्ज लोकपालाकडे गेला. सहा महिन्यांनी पैसे आले. त्या दिवशी कुशाबाईने स्वतःहून दुसरी भाकरी मागितली.

हर्षाली हे सांगायला एजन्सीत गेली, तर त्याच्या खुर्चीवर दुसरंच कुणी. "आदेश? गिऱ्हाइकं फोडायचा. दोन महिने झाले काढून."

दोन महिने! आणि मेसेज तर कालही आला होता!

तिथेच त्याच्या गावाचा पत्ता विचारून, दोन एसट्या बदलून ती शिनोलीला पोचली. तो कांद्याच्या वाफ्यात खुरपत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. तिला पाहून तो उभाच राहिला.

"नोकरी गेली ते सांगितलं का नाही?"

"मग तुमी उपकारापायी 'हो' म्हनाल्या असत्या..."

"कशाला 'हो' म्हणाले असते?"

तो खुरप्याची माती झाडू लागला.

"कधी काही विचारलंय का तुम्ही मला?"

"विचारायला जमंना. पत्रं लई लिहिली मी... पण सगळी तक्रारीची."

हर्षालीला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "मग मीच सांगते. मला तुम्ही आवडता."

त्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "खरं?"

"शिनोलीपर्यंत खोटं बोलायला येईन का?"

तेवढ्यात घरातून त्याच्या आईची हाक आली, "कोन आलंय रं?"

"आई, चहा ठेव," तो ओरडला. मग अडखळत, पहिल्यांदाच, 'मॅडम' न लावता म्हणाला, "हर्षाली आलीय."

आई पदराला हात पुसत लगबगीने दारात आली. तिने हर्षालीला खालीवर न्याहाळलं आणि लेकाकडे बघून हसली. "म्हंजी ही ती व्हय!"